थर्मोकोलचं घर: सायडिंग बदलताना गेलेले आठ महिने

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून कोणीतरी पत्रा वाजवत असल्यासारखा आवाज यायला लागला. नवरा टॉर्च घेऊन बाहेर जाऊन आला. अ‍ॅल्युमिनियमच्या सायडिंगची एक लांबलचक पट्टी सुटून वाऱ्यावर आपटत होती. त्याने ती डक्ट टेपने चिकटवली आणि आत येऊन म्हणाला, "हे आता काही खरं नाही."

आमचं घर ओहायोत, क्लीव्हलंडच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात आहे. १९५५ सालचं, दीड मजली, लाकडी सांगाड्याचं. भारतातल्या वाचकांसाठी सांगते: इथल्या भिंती विटांच्या नसतात. उभे लाकडी वासे, त्यांना बाहेरून फळ्या, आतून प्लास्टर आणि सगळ्यात बाहेर पावसापासून वाचवायला एक आवरण. त्या आवरणाला सायडिंग म्हणतात. आमचं सायडिंग कधीकाळी पांढरं होतं. आता हात लावला की खडूसारखी भुकटी बोटांना यायची आणि लेकीच्या काळ्या जॅकेटवर कायम पांढरे पट्टे असायचे. गारांचे पोचे तर मोजायच्या पलीकडचे.

मी यातलं काहीही जाणत नव्हते. "फोम-बॅक्ड व्हिनाइल" (म्हणजे मागे फोम चिकटवलेलं प्लॅस्टिकचं सायडिंग) हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो दारावर आलेल्या माहितीपत्रकात. या विषयावर मराठीत काही सापडलं नाही म्हणून हे लिहिते आहे. माझ्यासारखं कुणी न्यू जर्सीत, मिशिगनमध्ये किंवा टोरांटोत जुनं घर घेऊन बसलेलं असेल, तर त्याला निदान कुठे विचारायचं ते तरी कळेल.

पहिला सेल्समन आला शनिवारी, १७ फेब्रुवारीला. फोनवर त्यांनी बजावून सांगितलं होतं, "नवरा-बायको दोघंही घरी हवेत." हे ऐकल्यावरच सावध व्हायला हवं होतं. तो अकराला आला आणि दोन वाजेपर्यंत बसला. मी पोहे केले, तेही त्याने आवडीने खाल्ले. माणूस गोड होता, नाही म्हणणार नाही.

त्याने बॅगेतून एक खोका काढला. खोक्यात एक मोठा दिवा, समोर दोन पट्ट्या: एक साधी व्हिनाइलची, दुसरी फोम चिकटवलेली. दोन्हींच्या मागे थर्मामीटर. दिवा लावला आणि पाच मिनिटांत साध्या पट्टीमागचा आकडा भराभर चढला, फोमवाल्याचा जेमतेम हलला. आम्ही दोघंही "अरे वा" म्हणालो. मग त्याने फोमवाली पट्टी माझ्या हातात दिली. मी ती उलटी केली आणि हसूच आलं. मागे थर्मोकोल! पट्टीच्या घडीत बरोबर बसेल असा कापलेला, जाड बाजूला सव्वा इंच, पण पांढऱ्या दाण्यांचा तोच तो थर्मोकोल, ज्याची मखरं करण्यात आमचं बालपण गेलं आणि ज्यावर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. नखाने टोकरला तर एक दाणा सुटून सतरंजीवर पडला.

भाव होता ३४,००० डॉलर. "आज सही केलीत तर २४,८००." गॅसचं बिल चाळीस टक्क्यांनी कमी होणार, शिवाय सरकारकडून करात सवलत मिळणार. आम्ही सही केली. २,४८० डॉलरचा चेकही दिला. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण लपवण्यात काय अर्थ आहे?

रात्री झोप आली नाही. खोक्यातला तो दिवा डोळ्यांसमोरून हलेना. आमच्या घरात पट्टीच्या मागे थेट खोली नाही. मध्ये फळ्या आहेत, वासे आहेत, प्लास्टर आहे. खोक्यात यातलं काहीच नव्हतं.

इथे एक नियम आमच्या कामी आला. विक्रेता तुमच्या घरी येऊन करार करून गेला, तर केंद्रीय नियमानुसार तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो, कारण सांगावं लागत नाही. या मोजणीत शनिवार धरतात, रविवार आणि केंद्र सरकारच्या सुट्ट्या धरत नाहीत. सोमवारी १९ तारखेला प्रेसिडेंट्स डेची सुट्टी होती, म्हणून आमची मुदत गुरुवार, २२ तारखेपर्यंत गेली. करारासोबत रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्याव्याच लागतात. आमच्या प्रती कागदांच्या गठ्ठ्यात तळाशी होत्या. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाऊन एक प्रत सर्टिफाइड मेलने पाठवली, पावती फ्रिजवर चुंबकाने लावली. फोनवर "रद्द करा" म्हणून सांगणं पुरेसं नसतं, लेखीच द्यावं लागतं. पैसे कामकाजाच्या दहा दिवसांत परत करायचे असतात. आमचे दोन फोन केल्यानंतर सतराव्या दिवशी आले. पण आले.

त्यानंतर मी शहाणी व्हायचं ठरवलं. मार्च महिना त्यातच गेला.

पहिला प्रश्न: आमच्या भिंतीत मुळात आहे काय? याचं उत्तर शोधायला एक पैसा लागला नाही. बाहेरच्या भिंतीवरच्या विजेच्या प्लगचं झाकण काढायचं (आधी ब्रेकर बंद करून, हे विसरू नका) आणि डबीच्या कडेच्या फटीतून प्लॅस्टिकची विणकामाची सुई हळूच आत सारायची. कापसासारखं काही लागलं तर इन्शुलेशन (उष्णता अडवणारा भराव) आहे. आमची सुई आरामात आत गेली आणि पलीकडच्या फळीवर टकटक वाजली. तीन खोल्यांत तीन ठिकाणी तेच. भिंती पोकळ होत्या. सात वर्षं आम्ही रिकाम्या भिंतींमागे हीटर लावून बसलो होतो.

दुसरा प्रश्न आर-व्हॅल्यूचा. उष्णता अडवण्याची ताकद म्हणजे आर-व्हॅल्यू, जितकी जास्त तितकं बरं. फोमवाल्या व्हिनाइलसाठी इथे एएसटीएम डी-७७९३ नावाचं मानक आहे आणि त्यात किमान आर-२ लागतो. बाजारातल्या बहुतेक पट्ट्या दोन ते साडेतीनच्या दरम्यान असतात. आमच्या सेल्समनने "चार" सांगितलं होतं, पण त्याच्याच नमुन्याच्या कागदावर बारीक अक्षरांत २.२ छापलेलं होतं. कागद मागून घ्या आणि "सरासरी" आकडा बघा. पट्टीला घडी असते म्हणून फोम कुठे जाड असतो, कुठे अगदी पातळ, आणि तोंडी सांगताना जाड जागेचा आकडा सांगायची लोकांना सवय असते.

८ एप्रिलला आमच्या डोक्यावरून खग्रास सूर्यग्रहण गेलं. त्या आठवड्यात क्लीव्हलंडमध्ये कोणाला कामाचं विचारण्यात अर्थच नव्हता. गुरुवारी ११ तारखेला एनर्जी ऑडिटर, म्हणजे घरातली उष्णता कुठून निसटते ते तपासणारा माणूस, आला. फी ४२५ डॉलर. पुढच्या दाराला लाल कापडाची चौकट आणि तिच्यात पंखा बसवून त्याने घरातली हवा बाहेर खेचायला सुरुवात केली, ठरावीक दाबापर्यंत. याला ब्लोअर डोअर म्हणतात. मग इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन आम्ही घरभर फिरलो. त्यात जांभळं-निळं म्हणजे गार, पिवळं म्हणजे उबदार. माळ्याच्या झडपेभोवती जांभळं, दिव्यांभोवती जांभळं, तळघरात जिथे लाकडी सांगाडा काँक्रीटवर टेकतो ती सबंध कड जांभळी. मी तिथे हात धरला तर बोटांना गार वारा लागला. भिंतीसुद्धा सपाट निळ्या, त्यात वासे तेवढे किंचित पिवळे. म्हणजे लाकडाचा वासा मधल्या पोकळीपेक्षा जास्त उष्णता अडवत होता!

मी त्याला सरळ विचारलं, फोमवालं सायडिंग लावू का? तो म्हणाला, "आधी स्वेटर घाल, मग रेनकोटला अस्तर लावायचं की नाही ते बघ." माणूस मोजकं बोलणारा होता. चारशे पंचवीसपैकी तीनशे डॉलर मी या वाक्यासाठी दिले असं धरते.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी वही काढली. हा हिशेब कोणालाही करता येतो. आमच्या गरम ठेवायच्या भिंती साधारण १,४०० चौरस फूट. क्लीव्हलंडची थंडी वर्षाला सुमारे ६,००० डिग्री-डे (थंडी किती आणि किती दिवस, त्याचं माप, फॅरनहाइटमध्ये). भिंतीचं क्षेत्रफळ गुणिले डिग्री-डे गुणिले चोवीस, भागिले आर-व्हॅल्यू: इतकी उष्णता वर्षभरात भिंतीतून बाहेर जाते. आमची घर तापवायची गॅसची भट्टी जुनी, शंभरातले ऐंशी घरात देणारी, म्हणून पुन्हा ०.८ ने भागायचं. एक लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) म्हणजे एक थर्म. आमच्या बिलात तेव्हा सगळं धरून थर्ममागे जवळपास एक डॉलर पडत होता.

पोकळ भिंत म्हणजे अंदाजे आर-४. तिच्यावर फोमचे २ वाढवले तर वर्षाला सुमारे २१० थर्म वाचतात. वाईट नाही. पण भिंतीच्या आत सेल्युलोज (वर्तमानपत्रांच्या रद्दीचा भुगा) ठासून भरलं तर वासे धरून भिंत आर-१२ च्या आसपास जाते आणि ४२० थर्म वाचतात. आणि एकदा भिंत भरली की तिच्यावर तोच फोम लावून वर वाचतात फक्त ३० थर्म. वर्षाला तीस डॉलर. नवऱ्याने माझी वही ओढून घेतली, कॅल्क्युलेटरवर पुन्हा केलं. तीसच.

हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात तिन्ही आकडे कमीच येतात, कारण घर उन्हाने, माणसांनी आणि स्वयंपाकानेही तापतं. पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही. सेल्समनचं एक म्हणणं खरं होतं, तेही नमूद करते: फोम वाशांवरूनही जातो, भिंतीत भरलेला माल जात नाही. म्हणून तर तीस थर्म तरी वाचतात.

मे महिन्यात आणखी तिघांना बोलावलं. ओहायोत सायडिंगवाल्यांना राज्याचं लायसन्स नसतं. मग भरवसा कशाचा? आमच्या गावच्या बिल्डिंग डिपार्टमेंटमध्ये कॉन्ट्रॅक्टरला नाव नोंदवून बाँड (हमीची रक्कम) भरावा लागतो. खिडकीवरच्या बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं की तिघांपैकी एकाचं नाव मागच्या वर्षीच काढून टाकलंय. तो बाद. विम्याचं प्रमाणपत्रही कॉन्ट्रॅक्टरकडून घेऊ नका, त्याच्या विमा एजंटकडून थेट तुमच्या ईमेलवर मागवा.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर आणखी एक कागद लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आत मूळ लाकडी सायडिंग असेल तर त्यावरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि तो उखडणाऱ्याकडे ईपीएचं (केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेचं) लेड-सेफ प्रमाणपत्र असावं लागतं. दुसऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आपण उखडायचंच नाही, त्याच्यावरूनच लावू, फोममुळे सगळं सपाट दिसेल." तिसऱ्याने शिडी लावली, कोपऱ्यातली एक पट्टी सोडवून आत पाहिलं, लाकडाचा तुकडा तिथेच किटने तपासला. काडीचं टोक लाल झालं. शिसं होतं. तो वर्षानुवर्षं हेच काम करणारा, पन्नाशीचा, बोटांना कायम कॉक (फटी बुजवायचं लुकण) लागलेलं. त्याने दोन कोटेशनं वेगवेगळी लिहून दिली:

साधं व्हिनाइल, ०.०४६ इंच जाडीचं, जुनं सगळं काढून, नवा हाऊसरॅप (सायडिंगखालचं पाणी अडवणारं आवरण) लावून: १७,९०० डॉलर. तेच फोमवालं: २२,५००. फरक ४,६००. भिंतीत सेल्युलोज भरणारा माणूस वेगळा, ३,४०० डॉलर.

फरक एवढा का, हे मी विचारलं, आणि इथे मला बरंच शिकायला मिळालं. फोमवाली पट्टी जाड असते, त्यामुळे कोपऱ्याच्या पट्ट्या रुंद लागतात, खिडकीभोवतीचे खाचे खोल लागतात. बाहेरचा नळ, ड्रायरचं धुराडं, दिव्यांच्या बैठका सगळं पुढे आणावं लागतं. आमच्या खिडक्या आधीच थोड्या आत बसलेल्या, त्या अजून खोल दिसल्या असत्या. चौकटींना वाढवण्या जोडाव्या लागल्या असत्या. पट्टीची किंमत हा त्यातला एक भाग. बाकी सगळी हातकारागिरी.

मी म्हटलं, "तुमच्या स्वतःच्या घराला काय आहे?" तो हसला. "फोमवालं. पण माझं घर सिमेंटच्या ठोकळ्यांचं आहे, भिंतीत भरायला जागाच नाही." मग स्वतःहून म्हणाला, "तुमच्या घराला लावायचं तर गरमीसाठी लावू नका. सरळ दिसावं म्हणून, चेंडू लागून फुटू नये म्हणून, रस्त्याचा आवाज जरा कमी यावा म्हणून लावा. त्यासाठी ते चांगलंच आहे."

दोन आठवडे आम्ही घोळ घातला. सासूबाईंचं मत: "एकदाच होतंय तर चांगलंच करा." माझ्या आईला मिरजेला फोनवर सांगितलं की भिंतीत वर्तमानपत्रांचा भुगा भरणार आहोत, तर ती ओरडलीच, "अगं, रद्दी? वाळवी लागेल ना!" तिला समजावलं की त्यात बोरेट मिसळलेलं असतं, किडे आणि आग दोन्हींसाठी. तिला ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. (गंमत म्हणजे मुंग्या बीळ करतात त्या थर्मोकोलमध्येसुद्धा. थोडी माती ओलसर असेल, सायडिंग जमिनीला टेकत असेल, तर बघायला नको.)

१० जूनला करार केला. साधं व्हिनाइल अधिक सेल्युलोज. करारात मी तीन गोष्टी लिहून घेतल्या: शेवटचे पंचवीस टक्के गावचा इन्स्पेक्टर पास करून गेल्यावर, पैसे देताना लिन वेव्हर हातात (म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने माल पुरवणाऱ्याचे पैसे बुडवले तर तो आमच्या घरावर दावा लावू शकणार नाही), आणि निघालेल्या अ‍ॅल्युमिनियमचे भंगाराचे पैसे आमच्या बिलातून वजा. तिसरी गोष्ट ऐकून तो म्हणाला की इतक्या वर्षांत हे मागणारी मी चौथी. भंगाराची किंमत विचारणं हे आपल्या रक्तातच आहे, त्याला मी तरी काय करू? २६० डॉलर सुटले.

काम १२ ऑगस्टला सुरू व्हायचं होतं. ६ ऑगस्टच्या दुपारी वादळ आलं. ईशान्य ओहायोत टॉर्नेडो आले, लाखो घरांची वीज गेली, आमच्याकडे चार दिवस अंधार. आमच्या रस्त्यावर दोन घरांवर झाडं पडली. साहजिकच कॉन्ट्रॅक्टर आधी तिकडे गेला. पाच आठवडे थांबलो. त्या काळात दारोदारी फिरणाऱ्या बाहेरगावच्या माणसांनी मात्र भंडावून सोडलं. वादळानंतर आलेल्या कुणाच्याही कागदावर सही करू नका, इतकंच सांगते.

गणपती ७ सप्टेंबरला बसले. पाच दिवसांचे असतात आमचे. विसर्जन झाल्यावर, सोमवारी १६ तारखेला ट्रक दारात उभा राहिला.

पहिले तीन दिवस नुसतं उखडणं. जमिनीवर भिंतीपासून दहा फुटांपर्यंत प्लॅस्टिक अंथरलेलं, खिडक्या बंद, लेकीला अंगणात यायची बंदी. लाकडी सायडिंग निघालं आणि १९५५ च्या फळ्या उघड्या पडल्या. कुठे मध, कुठे गूळ अशा रंगाच्या, खिळ्यांभोवती काळे डाग. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली चार फळ्या कुजून भुसा झालेल्या, स्क्रूड्रायव्हर लोण्यासारखा आत गेला. वरचे ६४० डॉलर. "वरूनच लावू" म्हणणाऱ्याला काम दिलं असतं तर ते आतच राहिलं असतं.

चौथ्या दिवशी सेल्युलोजवाले. प्रत्येक दोन वाशांच्या मध्ये फळीला दोन इंचांचं भोक, त्यात नळी, आणि रस्त्यावरच्या ट्रकमधून भुगा. आवाज पिठाच्या गिरणीसारखा. हे काम करायला सायडिंग उतरलेलं असतानाचीच वेळ उत्तम, भोकांना बूच मारले की वरून सगळं झाकलं जातं. मी घरात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. अचानक सिंकखालच्या कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि राखाडी भुग्याचा एक डोंगर तांदळाच्या डब्यावर येऊन बसला. पाइपाच्या भोवती फट राहिली होती. ओरडत बाहेर धावले, तोवर घमेलंभर आत आला होता. झाडताना एका चिमटीत छापील अक्षरं दिसली, कुठल्यातरी जाहिरातीतलं "सेल". तुम्ही हे करणार असाल तर आदल्या दिवशी सिंकखाली, टबामागे, प्लगच्या डब्यांभोवती फटी बुजवून घ्या. तांदूळ झाकणबंद होता म्हणून वाचला.

मग हाऊसरॅप, खिडक्यांना टेप, आणि एकदाचं व्हिनाइल. व्हिनाइलचं एक लक्षात ठेवा: ते चिकटवायचं नसतं, घट्ट ठोकायचं नसतं, ते टांगायचं असतं. बारा फुटांची पट्टी हिवाळा-उन्हाळ्यात अर्ध्या इंचाने लांब-आखूड होते. म्हणून खिळा लांबट भोकाच्या मधोमध, डोकं पट्टीपासून किंचित सुटं, आणि दोन्ही टोकांना पाव इंच जागा. फोमवालं असो की साधं, हे चुकलं तर पुढच्या जुलैत भिंत फुगते.

तपासायची रीत कॉन्ट्रॅक्टरनेच शिकवली होती. पट्टी खालच्या कडेला दोन्ही हातांनी धरायची आणि डावी-उजवी सरकवायची. सरकली पाहिजे. रोज संध्याकाळी माणसं गेली की मी चहाचा कप कठड्यावर ठेवून भिंतीला हात लावत फिरायचे. सरक, सरक, सरक. पूर्वेच्या भिंतीवर, मागच्या दाराशेजारी, सात पट्ट्या हलेचनात. त्या दिवशी एक नवा मुलगा कामाला होता, त्याने खिळे मनापासून ठोकले होते. सकाळी दाखवलं. कॉन्ट्रॅक्टर काही बोलला नाही, स्वतः झिप टूल (पट्ट्या सोडवायचा आकडा) घेऊन सातही पट्ट्या सोडवून पुन्हा लावल्या. त्याचं हे मला फार आवडलं.

उत्तरेच्या भिंतीची एक वेगळी भानगड होती. शेजाऱ्यांनी आदल्या वर्षी नव्या लो-ई काचेच्या (उष्णता परतवणारा थर असलेल्या) खिडक्या बसवल्या होत्या, त्यांच्यावरून ऊन परतून आमच्या भिंतीवर पडतं. व्हिनाइल १६० डिग्री फॅरनहाइटच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि अशा परावर्तित उन्हाने सायडिंग वितळल्याची उदाहरणं इथे भरपूर आहेत. मी मार्चमध्येच दुपारी फोटो काढून ठेवले होते. त्यामुळे गडद निळा रंग सोडून फिकट राखाडी घेतला, आणि शेजाऱ्यांच्या त्या खिडकीला बाहेरून जाळी लावायची विनंती केली. जाळीचे पैसे आम्ही दिले. बार्बेक्यूची शेगडीही भिंतीपासून दूर नेली.

४ ऑक्टोबरला इन्स्पेक्टर येऊन गेला, सात मिनिटांत. लिन वेव्हर घेतला, शेवटचा चेक दिला. दिवाळीत कंदील लावायला नवीन भिंतीला भोक पाडायचं का, यावर घरात वाद झाला. पाडलं नाही, छताच्या पन्हळीच्या कडेला अडकवला.

कराचं सांगायचं राहिलं. कायद्यात शब्द असे होते की सवलत मिळायची ती उष्णता रोखण्यासाठीच, मुख्यतः त्याच कामासाठी बनवलेल्या मालाला. सायडिंगचं मुख्य काम ते नव्हे, म्हणून आम्ही सायडिंगचा दावा केलाच नाही. सेल्युलोजचा केला, आयकराच्या फॉर्म ५६९५ वर, तीस टक्के. पण फक्त मालाच्या किमतीवर, मजुरीवर नाही. म्हणून बिलात दोन्ही वेगळे लिहून मागावे लागायचे. आमचे मालाचे १,१५० निघाले, सवलत ३४५. ऑडिटच्या फीवर १२७.५०. मात्र ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या कामाला ही सवलत नाही, तेव्हा आता कोणी सेल्समन तिचं आमिष दाखवत असेल तर त्याला दार दाखवा.

पहिल्या हिवाळ्याचं बिल? आधी वर्षाला ११८० थर्म लागायचे. त्या वर्षी थंडी जास्त होती, तरी ८८० लागले. यात माळ्याच्या फटी बुजवल्याचा वाटाही आहे, तो वेगळा काढता येत नाही. माझ्या वहीतले ४२० काही आले नाहीत. पण लेकीचा पलंग बाहेरच्या भिंतीला लागून आहे आणि जानेवारीत ती भिंत हाताला गार लागत नव्हती.

आणि हो, उत्तरेची भिंत. जूनमध्ये संध्याकाळी आठच्या सुमारास ऊन तिच्यावर तिरपं येतं, आणि सत्तर वर्षांच्या वाकड्यातिकड्या फळ्या साध्या व्हिनाइलमधून वर दिसतात. लांबून बघितलं तर वाळत घातलेला पापड. बाकी दिवसभर काही कळत नाही. फोम असता तर त्याने हे नक्की झाकलं असतं. नवरा ड्राइव्हवेत गाडीतून उतरतो, भिंतीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "चार हजार सहाशे." मी म्हणते, "आत चल, पोळ्या गार होतायत."